सोमवारची दहा मिनिटं

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आयुष्यात मला धोका दिला तो फक्त दोघांनी, आणि त्यातला एक डिझेलवर चालायचा.

हे वाक्य मी ताईच्या जेवणाच्या टेबलाशी बसून टाकलं. दुपारचे तीन वाजले होते, वीज गेलेली होती आणि डोक्यावरचा पंखा नुसता लटकत होता. टेबलावर जनरेटरची तीन माहितीपत्रकं पसरली होती. एकावर मीठदाणी, दुसऱ्यावर ताईच्या चष्म्याचं घर, तिसऱ्यावर जावयाचं कोपर. वीज गेल्याशिवाय जनरेटरचा विषय निघत नाही आणि वीज आली की तो कुणाला आठवत नाही, त्यामुळे ही बैठक महिनाभर अशीच तुकड्यातुकड्यांनी चालली होती.

माझी भाची गुराढोरांची डॉक्टर. ताईच्या घरामागे जी जुनी शेड पडून आहे, तिथे तिला लसी ठेवायला थंड खोली करायची होती. लस एकदा गरम झाली की मेली, आणि गंमत म्हणजे मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लसीसारखीच दिसते. तेव्हा वीज गेल्यावर कोण उभं राहणार, हा प्रश्न. कुठला घ्यायचा, केवढा घ्यायचा. जावई कागदावर आकडे मांडत होता, भाची ते खोडत होती, आणि मी मोठ्यांनी करायचं काम करत होतो, म्हणजे दोघांनाही बरोबर म्हणत होतो.

मग भाची म्हणाली, "आई, मला हे एकदा कानसेनकाकांना दाखवायचंय."

त्या माणसाचं नाव या घरात बावीस वर्षं निघालं नव्हतं. ताईने मीठदाणी उचलली, दुसरीकडे ठेवली, परत आधीच्या जागी आणली.

"तुला कुठे भेटला तो?"

"परवा दवाखान्यातला फ्रीज बंद पडला ना, त्यांनीच चालू करून दिला. जाताना म्हणाले, आई बऱ्या आहेत ना. तेवढंच. तू हो म्हणालीस तर फोन करते. नाही म्हणालीस तर नाही."

ताई हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही, हे मी टिपलं. तिची मान खिडकीकडे वळली, आणि ताईची मान खिडकीकडे वळली की ती विचारात पडलेली असते. तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि ते वाक्य टाकलं.

"दुसरा कोण?" जावयाने विचारलं. भला माणूस आहे. गोष्टीला लागतो तो प्रश्न बरोबर विचारतो.

"दुसरा कानसेन," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाई, तू तेव्हा वसतिगृहात होतीस. तुला पत्रातून जेवढं कळलं तेवढंच माहीत. बोलावण्याआधी ऐक, मग फोनला हात लाव."

"मामा, खरं सांगणार असलास तर ऐकते."

"मी कधी खोटं बोललो?"

"मागच्या रविवारी. म्हणालास, तुझ्या तरुणपणी बैल शीळ घालायचे."

"एकच घालायचा. आणि तोही बेसूर."

असो. दाजी गेले तेव्हा मागच्या शेडमध्ये हॅचरी होती. अंडी उबवून पिल्लं विकायचा धंदा. माणसाच्या उंचीची तीन कपाटं, आत जाळीचे खण, खणांत मिळून नऊ हजार अंडी. एकवीस दिवस आत ऊब पाहिजे, ओल पाहिजे, पंख्याची हवा पाहिजे, आणि तिन्ही विजेवर. दाजींच्या मागे ताईने ते सगळं एकटीने अंगावर घेतलं. मी मदतीला आलो आणि राहिलो. म्हणजे दोन महिन्यांसाठी आलो होतो.

"टूथब्रश घेऊन आला होता फक्त," ताई म्हणाली.

"तोही तुझ्याकडचाच वापरला."

कानसेन हा मेकॅनिक. आम्हीच त्याचं हे नाव पाडलं, कारण तो यंत्र उघडायच्या आधी ऐकायचा. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, त्याचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. डोळे मिटून दोन मिनिटं उभा. मग सांगायचा, तिसरा नट सैल आहे. असायचा. एकदा त्याने गमतीने माझ्या छातीला तो स्क्रूड्रायव्हर लावला आणि म्हणाला, आज दोनदा नाश्ता झालाय. झाला होता, आणि त्यातला एक ताईला माहीत नव्हता. तेव्हापासून मी त्याच्यापासून जरा अंतर ठेवूनच उभा राहायचो.

पण आमची दोस्ती अशी, की त्याचा कप आमच्या स्वयंपाकघरात वेगळा होता. निळ्या काठाचा. ताई त्याचा चहा बिनसाखरेचा करायची आणि तो येण्याआधीच करायची. कसं कळायचं तिला, कुणास ठाऊक. सायकलची घंटा बहुतेक.

"पुढे सांग," ताई म्हणाली.

वीज जायला लागली, तेव्हा कानसेन तीन दिवस शेडमध्ये स्टूल टाकून बसला. कुठला पंखा किती ओढतो, ऊब देणारी कुठली तार कधी लागते, एकाच वेळी काय काय सुरू होतं, सगळं एका वहीत. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाला, पंधरा केव्हीए ताकदीचा घ्या. फार तर वीसचा. त्यावर घेऊ नका.

मग आम्ही दोघं दुकानात गेलो. पंधराचा पाहिला. बरा होता. आवाज न करता कोपऱ्यात उभा होता, लग्नातल्या मुलीकडच्या काकासारखा. आणि त्याच्या शेजारी, लोकहो, बासष्टचा. कुठल्याशा नाट्यगृहासाठी मागवलेला, नाट्यगृह काही बांधून झालं नाही म्हणून तिथेच राहिलेला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. पंधराचा त्याच्यापुढे शिलाईयंत्रासारखा दिसायला लागला.

कानसेन मला बाजूला घेऊन म्हणाला, "एवढ्याला तुमच्याकडे काम नाही. जनरेटरला ओझं लागतं. ओझं नसलं की आत नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काळं साठत जातं. बिनकामाचा बसला की सुस्तावतो तो."

मी म्हटलं, "आमच्या घरात धाकटा भाऊ आहे, तोही बिनकामाचा बसून असतो. त्याला कुणी काही म्हणत नाही."

"तुला रोज म्हणायचे मी," ताई म्हणाली.

जावई हसला. आणि हसता हसता त्याने कोपर हळूच मागे घेतलं. त्याखालचं माहितीपत्रक पन्नासच्या जनरेटरचं होतं.

तर बासष्टचा आला. हो, मीच आणला, ते मी नाकारत नाही. माझी चूक मी पदरात घेतो, लपवाछपवी नाही. अठरा माणसं लागली उतरवायला. ट्रक गल्लीत शिरला तिथे रस्ता असा दबला, की नंतर दोन वर्षं त्या खड्ड्यात बदकं पोहत होती. शेडला टेकून एक पक्का चौथरा बांधला, त्यावर महाराजांना बसवलं, वर पत्रा घातला. कानसेनने तारा जोडल्या, भिंतीवर चेंजओव्हरचा दांडा बसवला. दांडा वर, तर बाहेरची वीज. दांडा खाली, तर जनरेटरची. एवढं सोपं.

"मग त्यांनी सांगितलं नाही, कसा वापरायचा ते?" भाचीने विचारलं.

"सांगितलं की. दर सोमवारी दहा मिनिटं चालवा म्हणाला. गाडी तयार राहते."

"दहा मिनिटं पुरे, असंच म्हणाला होता ना तो?" ताईने विचारलं.

"असंच."

आता ही सोमवारची दहा मिनिटं म्हणजे काय प्रकार होता, ते सांगितलं तर म्हणाल मामाला ऊन लागलंय. सकाळी दहाला मी किल्ली फिरवायचो. ताई ओले हात पुसत दारात यायची. समोरचा शिंपी दुकानातून स्टूल बाहेर आणायचा. पोस्टमन सायकल लावून उभा राहायचा. आणि महाराज गर्जायचे. शिंप्याची मशीन पाय न लावता चालायची. एका सोमवारी तिने आपण होऊन शर्टाची पूर्ण बाही शिवली, फक्त डावी जिथे हवी तिथे उजवी. पोस्टमनच्या पिशवीतली पत्रं हादरून हादरून आपोआप गल्लीप्रमाणे लागायची. चार घरं सोडून एक म्हातारे गुरुजी होते, त्यांची कवळी पेल्यात ठेवलेली असायची, ती दहाच्या ठोक्याला पाढे म्हणायची.

"कितीपर्यंत?" जावई.

"एकोणतीसपर्यंत. तिथे अडखळायची. गुरुजीही तिथेच अडखळायचे."

आणि पिल्लं. डॉक्टरीणबाई, तूच सांग, पिल्लू अंड्यात असताना बाहेरचं ऐकतं की नाही?

"शेवटच्या दिवसांत ऐकतं."

बघा, शिकलेलं माणूस सांगतंय. एकवीस दिवसांत तीन सोमवार. तीन सोमवार ज्याने अंड्यातून महाराजांचा आवाज ऐकलाय, त्याला बाहेर आल्यावर आई कोण वाटणार? पेट्यांतून सुटलेली पिल्लं ओळीने चौथऱ्यापाशी जायची आणि सायलेन्सरखाली शिरून बसायची, पंखाखाली शिरावं तशी. खरी कोंबडी दिसली की भेदरायची. ज्यांनी पिल्लं विकत नेली, त्यांच्या तक्रारी यायच्या की रात्रभर चिवचिवतात, झोपतच नाहीत. आम्ही सांगायचो, थोडा वेळ मोटरसायकल चालू ठेवा. ठेवली की पाच मिनिटांत गाढ.

भाची हसू दाबत होती. ताईसुद्धा, मला दिसलं, ओठ मुडपून खिडकीबाहेर बघत होती. मला बरं वाटलं. खिडकीबाहेर तीच शेड होती, आणि त्या शेडकडे बघून ताई हसण्याच्या बेतात आहे असं मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पण मामा," जावई म्हणाला, "ह्या दहा मिनिटांत कपाटं त्याच्यावर चालवायचात का?"

"छे. दांडा मी कधी खाली ओढलाच नाही. महाराज आल्यापासून वीज गेली तरी पाच मिनिटांत परत यायची. ओढला की कपाटांची वीज क्षणभर तुटणार, तिन्हींच्या घंटा ठणाणा वाजणार, मग एकेकाचं बटण दाबत फिरा. चालत्या कपाटांना कशाला धक्का?"

"म्हणजे जनरेटर चालायचा, पण वीज कुणालाच द्यायचा नाही."

"महाराज होते ते. महाराज काय रोज काम करतात?"

भाचीने मीठदाणीखालचा कागद ओढून घेतला, उलटला, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. ओझं न टाकता वारंवार थोडा वेळ चालवू नका. न जळलेलं इंधन आणि तेल साठून सायलेन्सरमधून काळा चिकट द्रव गळू लागतो, इंजिनाची ताकद जाते. नियमितपणे किमान तिसरा हिस्सा ओझ्यावर अर्धा तास चालवा." तिने वर पाहिलं. "दहा मिनिटं, आणि तेही रिकामं? हे तर नेमकं करायचं नाही ते झालं. कानसेनकाकांना हे माहीत नव्हतं?"

"तेच तर म्हणतोय मी," मी म्हटलं. "एवढा मोठा कानसेन. केसाने गळा कापला त्याने."

"दुकानात तर त्याने तुला हेच सांगितलं होतं," ताई खिडकीकडे बघतच म्हणाली. "ओझं लागतं म्हणून. आत्ताच तू सांगितलंस."

"ते दुकानात. घरी येऊन काहीतरी वेगळंच बोलला."

मी पुढे निघालो, कारण अशा जागी थांबणं बरं नसतं.

सहा महिन्यांनी सायलेन्सरच्या तोंडातून काळं गळायला लागलं. दाट, चिकट, काकवीसारखं. मी म्हटलं, तेल आत मावत नाहीये, भरभराट आहे. डबा लावला. डबा भरला की त्याने मी मागचं फाटक रंगवलं. ते फाटक आजही गंजलेलं नाही, जाऊन बघा, माशी बसली तर चिकटून राहते आणि तिची तिसरी पिढी तिथेच वाढते. सोमवारी ताई दारात यायच्या आत मी फडक्याने सगळं पुसून घ्यायचो. पाहुणे यायच्या आधी पोराचं नाक पुसावं तसं.

"मला कधी दिसलं नाही ते," ताई म्हणाली.

"पुसायचो ना."

"का पुसायचास?"

"स्वच्छता."

आता त्या दिवसाचं. इथून पुढे हसायचं काही नाही, आधीच सांगतो.

बुधवार होता. थंडीचे दिवस. तिन्ही कपाटांत विसावा दिवस, म्हणजे अंड्यांना आतून चोची लागत होत्या. कपाटाला कान लावला तर आत बारीक पावसासारखा टकटकाट. भर दुपारी बाराला वीज गेली. ताई म्हणाली, लाव रे. मी किल्ली फिरवली, आणि महाराज पहिल्या झटक्यात सुरू. ताई दारात उभी होती, ती हसली. मला म्हणाली, बरं झालं माझं ऐकलं नाहीस, मोठाच आणलास. तिच्या तोंडून मला तसं वाक्य आयुष्यात एकदाच मिळालं. ते मी अजून जपून ठेवलंय.

मग मी दांडा खाली ओढला.

एकदा खोकला. दिवे पिवळे झाले. पत्र्याखाली असा धूर भरला, की मला माझाच हात दिसेना. पंखे फिरले, म्हणजे फिरल्यासारखे केले. पुन्हा खोकला. आणि बसला. दुसऱ्यांदा लावला, बसला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्याने आवाजही काढला नाही. सहा महिने ज्याचं तोंड पुसलं, त्याने पहिल्या ओझ्याला मान टाकली. हा झाला पहिला धोका.

ताई म्हणाली, कानसेनला बोलाव. शिंप्याच्या दुकानात फोन होता, मी धावलो. कानसेन स्वतःच बोलला. म्हणाला, निघालोच, ताईंना सांग निघालोच.

इकडे ताई कपाटांपाशी. ते दुखणं मोठं विचित्र असतं. दार बंद ठेवावं तर पंखा नाही, आत हजारो जीव श्वास घेतायत, गुदमरणार. उघडं ठेवावं तर गारठणार. घरातल्या होत्या नव्हत्या रजया तिने कपाटांवर टाकल्या, गरम पाण्याची पातेली आत ठेवली, आणि दर दोन मिनिटांनी एकेक दार वीतभर उघडायचं, मिटायचं, दुसऱ्याकडे जायचं. एकटी. तिला तिथून हलता येईना. म्हणून तिने मला फाटकाशी उभं केलं, तो आला की सरळ आत आण म्हणून.

"तू म्हणालीस, 'फाटक सोडू नकोस.' मी सोडलं नाही," मी म्हटलं.

"नाही सोडलंस," ताई म्हणाली.

एक वाजता तिने आतून विचारलं, आला का. मी म्हटलं, नाही. दोनला विचारलं, आला का. नाही. तीनच्या पुढे विचारलं तेव्हा आवाज अगदी बसला होता. आला का रे. मी म्हटलं, नाही ताई, आता काही येत नाही तो. त्यानंतर तिने विचारलं नाही. पाचला वीज आली. नऊ हजारांतली हजारभर निघाली. त्यातला एक कोंबडा शेवटपर्यंत आधी दोनदा खोकून मगच आरवायचा, पण जाऊ द्या.

हॅचरी त्या महिन्यात मिटली. त्याच बुधवारी संध्याकाळी ताईने तो निळ्या काठाचा कप खाद्याच्या पोत्यात टाकला, माप म्हणून. पिल्लं मेली त्याचं नाही, म्हणाली, धंद्यात मरतात. तो निघालोच म्हणाला आणि आला नाही, याचं. पुढे रस्त्यात भेटला तर तो सायकलवरून खाली उतरायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. ताई तोंड फिरवून पुढे. अपराधी माणसाची मान अशीच असते. तर डॉक्टरीणबाई, असा हा माणूस. तुझ्या लसी त्याच्या भरवशावर ठेवायच्या असतील तर ठेव.

मी पाठ टेकली. गोष्ट बरी झाली होती. जावई गंभीर, ताई दगडासारखी. भाची मात्र माझ्याकडे नाही, फोनकडे बघत होती.

"मामा, पण ते तसे वाटत नाहीत रे. फ्रीजचा एक स्क्रू हरवला तर दुसऱ्या दिवशी स्वतः आणून बसवून गेले. तेव्हा का आले नाहीत, कुणी विचारलं नाही त्यांना?"

"त्यात विचारायचं काय? जेवून झोपला असेल. थंडीचे दिवस."

"निघालोच म्हणून झोपले?"

"अगं, विसराळू प्राणी तो. ऐकण्यात हुशार, बाकी सगळा आनंद. चष्मा कपाळावर ठेवून गावभर शोधायचा. एकदा स्वतःच्या सायकलला कुलूप घालून दुसऱ्याची ढकलत घरी घेऊन गेला."

जावई हसला. आता जावई हसला की मला थांबता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. पावलागणिक हसू मिळत असेल तर मी विहिरीतसुद्धा चालत जाईन.

"हे तर काहीच नाही," मी म्हटलं. "पोशाख बघायचा त्याचा. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. त्या दिवशी तर एका पायात तपकिरी चामड्याची चप्पल आणि दुसऱ्यात निळी रबरी, तीही बायकी. आणि स्वारीला पत्ता नाही."

जावई खो खो हसला. भाचीही हसली.

ताईने डोळ्यांवरचा चष्मा काढला. घडी केली. चष्म्याच्या घरात ठेवला नाही, हातातच धरला.

"कुठल्या दिवशी?"

"काय कुठल्या?"

"दोन पायांत दोन चपला. कुठल्या दिवशी?"

"त्याच. म्हणजे, एकदा. असाच."

"त्या दिवशी, म्हणालास."

"बोलण्याच्या ओघात गं."

"निळी रबरी त्याच्या बहिणीची. ती त्या मंगळवारी पाहुणी आली होती. मला तो स्वतः म्हणाला होता, बहीण येणार आहे." ताईचा आवाज चढला नव्हता. अंड्यांच्या खोलीत बोलायची, तसा होता. "झोपायला जाणारा माणूस दोन चपला दोन तऱ्हेच्या घालत नाही रे. हातातलं टाकून पळत सुटलेला घालतो. आणि तो घरी झोपला होता, तर फाटकाशी उभ्या असलेल्या तुला त्याचे पाय दिसले कुठून?"

जावयाचं हसू अर्ध्यावर राहिलं. मी मीठदाणीकडे बघितलं. तिच्यावरून काही सुचतंय का पाहिलं. बैल शीळ घालायचा तेव्हा सुचलं होतं, कवळी पाढे म्हणाली तेव्हाही. आत्ता मीठ तेवढं दिसत होतं.

"काळं गळताना त्याने बघितलं असतं," ताई म्हणाली, "तर दोन मिनिटांत त्याने कान लावून सांगितलं असतं, माझ्यासमोर, की हा कधी ओझ्यावर चालवलाच नाही. दहा मिनिटं पुरे, हेही त्याने सांगितलं नव्हतं. बरोबर ना?"

"ताई, तो काही त्या पाच तासांत महाराजांना उठवू शकला नसता—"

"मी दार धरून उभी होते. तीनदा विचारलं तुला." ती उठली नाही, हललीही नाही. "तीनदा नाही म्हणालास. तो आला होता. खोटं बोललास तू, त्या दिवशी आणि आत्ता. फाटकाशी माझं नाव घेऊन काय सांगितलंस त्याला, की तो बावीस वर्षं मान खाली घालून उभा राहतोय? लाव गं फोन. आणि मामाच्या हातात दे."